निळा तागा अजून माझ्या कपाटावर आहे

अगं दाभणबाई,

तू पत्रं वाचत नाहीस हे मला ठाऊक आहे. पाकीट फोडतेस, पहिली ओळ बघतेस आणि "सगळं ठीक दिसतंय" म्हणून गादीखाली सारतेस. म्हणून पहिल्याच ओळीत सांगते: सगळं ठीक नाही, तागा अजून माझ्याकडेच आहे. आता वाच पुढे.

मध्यंतरी माझ्याकडे विद्यापीठातली एक पोरगी येऊन गेली. लोक धर्मसंस्था का सोडतात, यावर तिचा अभ्यास चाललाय. तिला मोठमोठी कारणं हवी होती. विज्ञान, शिक्षण, मोबाईल, झालंच तर पैसा. मी म्हटलं, मुली, मला एक गाद्या शिवणारी माहीत आहे, तिचं सांगते. तर म्हणाली, "आजी, एका बाईवरून काही सिद्ध होत नाही." तिला चहा पाजला आणि वाटेला लावलं. सिद्ध कोण करतंय इथे? पण डोक्यात भुंगा सोडून गेली ती, म्हणून लिहून काढते. तुला 'तू' म्हणत सांगितलं तर दर वाक्याला "असं नव्हतं हो प्रोफेसरबाई" म्हणून तोंड घालशील. तेव्हा तुला 'ती' करून टाकते. गोष्टीतली बाई मध्ये बोलत नाही.

तर, एक होती दाभणबाई.

हे नाव काही आईबापांनी ठेवलेलं नव्हे. सोफे, खुर्च्या, बाकांच्या गाद्या भरायचं आणि मढवायचं तिचं दुकान. हातात कायम दाभण, म्हणजे पोत्यातून आरपार जाणारी ती जाडजूड सुई, आणि ओठांत बारीक खिळ्यांची रांग. खिळे ओठांत असेतोवर ती नुसता हुंकार देई. ते तळहातावर काढले, की गिऱ्हाईक समजून चुके: आता काहीतरी ऐकून घ्यावं लागणार.

"या खुर्चीला काय झालंय सांगू? काही झालेलं नाही. तुमचं वजन वाढलंय."

तरी लोक पुन्हा तिच्याकडेच यायचे, कारण तिने भरलेली गादी खचत नसे.

दुकान एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर. पुढे काम, मागे घर, मध्ये पडदा. पडद्यावर कधीकाळी फुलं होती म्हणे. दारापाशी पोटं फाडलेल्या खुर्च्या रांगेत उभ्या, काथ्या बाहेर लोंबतोय, दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारख्या.

नवरा लवकर गेला, लेक तेव्हा शाळेत होती. रस्त्याच्या टोकाला प्रार्थनेचं सभागृह होतं. सगळे त्याला नुसतं 'सभा' म्हणत. नवरा गेला तेव्हा सभेतल्या बायकांनी हिला स्वयंपाकाला हात लावू दिला नाही. कुणी डबा आणला, कुणी लेकीची वेणी घातली, कुणी दुकानाचं कुलूप उघडून नुसतंच बसून राहिलं, गिऱ्हाईक परत जाऊ नये म्हणून. सभेचे कारभारी स्वतः खांदा द्यायला पुढे झाले. हे ती कधी विसरली नाही. कुणी तिला विसरूही दिलं नाही, ही गोष्ट वेगळी.

आणि गाणं! सभेत प्रार्थना सगळे मिळून गात. दाभणबाईचा आवाज म्हणजे फाटका पत्रा, पण इतक्या गळ्यांत तो खपून जाई. एकदा मी छेडलं तर म्हणाली, "देव आहे की नाही ते मला विचारू नका, प्रोफेसरबाई. पण गाण्याच्या आधी सगळे एकदम श्वास घेतात ना, तेवढ्यासाठी मी जाते." मी स्वतः कॉलेजात असतानाच तिथून गळाले होते. माझं जाणं कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं. त्यामुळे तिचं जाणं मी जास्त बारकाईने पाहिलं.

सभेत प्रत्येकाची जागा ठरलेली, आणि जागेवर ज्याची त्याची गादी. गाद्या निळ्या. फक्त शेवटचा, झाडू-बादल्यांच्या कपाटाशेजारचा बाक वेगळा होता. ज्याच्या हातून चूक घडली असं सभेला वाटे, त्याच्या गादीची निळी खोळ काढून राखाडी चढवत आणि त्याची रवानगी त्या बाकावर. सगळ्यांसमोर उभं राहून "माझं चुकलं" म्हटलं, की निळी परत. या राखाडी खोळी शिवणार कोण? दाभणबाईच. इतकी वर्षं ती शिवत आली होती आणि कुणासाठी, कशासाठी, हे विचारायचं तिच्या मनातही आलं नव्हतं.

घड्याळं दुरुस्त करणारे एक आजोबा होते. त्यांनी भर प्रवचनात हात वर करून विचारलं, "गुरुजी, मागच्या खेपेला तुम्ही याच्या बरोब्बर उलट सांगितलं होतंत. दोन्हींतलं कुठलं धरू?" लोक हसले. गुरुजी हसले नाहीत. घड्याळजींची राखाडी खोळ दाभणबाईने शिवली. कडेचा गोट घट्ट, कोपरे नेटके. घड्याळजी थोडे दिवस त्या गादीवर बसले आणि मग यायचेच बंद झाले. "हट्टी म्हातारा," दाभणबाई म्हणाली आणि खिळे ओठांत धरले.

लेकीचं लग्न सभेतच जमलं. जावई समोरच्या चौथऱ्यावर उभा राहून ग्रंथ वाचायचा. आवाज असा की मध पाणचट वाटावा. असा जावई मिळाला म्हणून बाकीच्या बायका दाभणबाईला पाण्यात पाहायच्या. त्या आवाजाचं घरी काय होत असे, ते भिंतींनाच ठाऊक. लेकीने बरेच दिवस तोंड दाबून बुक्क्यांचा मार सोसला. मग एकदा मनगट मोडलं. प्लास्टर घातलेला हात घेऊन ती गुरुजींकडे गेली. गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं, डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "भांड्याला भांडं लागायचंच, बाळ. तू प्रार्थना कर. मी त्याच्याशी बोलतो."

बोललेही असतील. त्याच आठवड्यात जावई चौथऱ्यावर उभा राहिला आणि त्याने क्षमेवरचा उतारा वाचला. लेक पुढच्या बाकावर, हात शालीखाली. तिच्या शेजारणीने डोळे टिपले. वाचन फार सुरेख झालं म्हणून.

लेक दोन पिशव्या घेऊन आईच्या पडद्यामागे राहायला आली. सभेने विचार केला: घर मोडलं कुणी? जी बाहेर पडली तिने. चोर सोडून संन्याशाला फाशी. राखाडी खोळ कपाटात तयारच होती, ती चढली. लेक शेवटच्या बाकावर, आई होती तिथेच, दुसऱ्या रांगेत. जावई चौथऱ्यावर. आणि दाभणबाई, जी गिऱ्हाइकाला त्याचं वजन तोंडावर सांगायची, ती यावर गप्प बसली. "होईल सगळं सुरळीत," म्हणायची. गाताना मागे वळून बघायची. लेकीचे ओठ मिटलेले असायचे.

पुढे सभागृहाला रंग काढायचं ठरलं आणि एका सकाळी कारभारी हातगाडी घेऊन दुकानापाशी आले. गाडीवर गाद्यांचा डोंगर, डोंगरावर निळ्या कापडाचा कोरा तागा, आणि त्यावर घडी घातलेला एक राखाडी तुकडा.

"ताई, रंगाबरोबर खोळीही नव्या करायच्या. गुरुजींचं एकच म्हणणं, काम तुमच्याशिवाय कुणाला द्यायचं नाही!"

दाभणबाईने खिळ्यांमागून हुंकार दिला आणि राखाडी तुकड्याकडे बोट केलं.

"तो होय? शेवटच्या बाकाचा. सध्या तिघंच आहेत. पुरेल ना?"

तिने खिळे तळहातावर काढले. "कारभारी, त्या तिघांत माझी लेक आहे."

"हो, माहीत आहे ना!" कारभारी मोकळेपणाने हसले. "अहो, तिचंही उद्घाटनालाच उरकून टाकू म्हणताहेत गुरुजी. उभी राहील, दोन शब्द बोलेल, की झालं. मग तिचीही निळी. म्हणून म्हणतो, तिची राखाडी जरा कच्च्याच टाक्यांनी शिवा. लगेच उसवायचीय."

माणूस वाईट नव्हता हो. वाईट असता तर जिभेला जपला असता. लेकीला ज्या खोळीवर बसवून लाजवायचं, ती आईकडेच शिवायला टाकायची आणि वर टाके कसे घालायचे ते सांगायचं, ही चूक फक्त सवयीने होते. वर्षानुवर्षं शिवून देणाऱ्या हाताला काही वाटत असेल, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

दुपारी तिने लेकीला सांगितलं. लेक भांडी घासत होती. ती थांबली नाही.

"म्हणून टाकते, आई. दोन शब्द तर आहेत. काय जातंय?"

"चुकलं का तुझं?"

"नाही."

"मग?"

"मग काय मग! कंटाळा आलाय मला. भाजी घ्यायला गेले तर बाया पिशवीत डोकावतात, दोघींपुरतीच घेतेय का बघायला. बोलून टाकलं की संपेल." तिने भांडं जरा जोरातच आपटलं. "आणि नाही बोलले तर तुझं गाणं सुटेल ना माझ्या पायी. तेवढं एकच आहे तुला."

दाभणबाईने खिळे ओठांत धरले. समोर खुर्ची नव्हती, काही नव्हतं. लेक दोन शब्द बोलणार होती ते तिच्यासाठी! असा उपकार बाईला झेपणारा नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती घड्याळजींच्या दुकानात गेली. घड्याळ दाखवायचं निमित्त होतं, पण ते चालूच होतं. घड्याळजींनी कानाला लावलं, परत दिलं.

"मी आलेय ते..." ती अडखळली. तिला असं अडखळताना कुणी पाहिलं नव्हतं. "ती राखाडी गादी..."

"तुम्ही शिवलीत हे बसताक्षणी कळलं होतं. एवढे सरळ कोपरे दुसऱ्या कुणाला जमतात?" घड्याळजी म्हणाले. "फार मऊ होती. त्याचंच जास्त वाईट वाटलं."

ती घरी आली. दुकानाच्या माळ्यावर राखाडी कापडाचा भलामोठा गठ्ठा पडून होता. एका नाट्यगृहाच्या खुर्च्यांसाठी आणलेला, नाट्यगृह बंद पडलं आणि माल अंगावर राहिला. तो तिने खाली ओढला. निळा तागा उघडलासुद्धा नाही.

लेक गोट वळायला बसली होती. निळं कापड कुठे दिसेना आणि राखाडी संपेना, तेव्हा तिच्या लक्षात आलं. तिने राखाडी दोरा सुईत ओवून आईपुढे धरला.

चार दिवसांनी नणंद डोकावली. दाभणबाईची ही नणंद सभेत फुलं लावायची, त्यामुळे बाजूच्या दाराची किल्ली तिच्याकडे असे. दारातच थबकली.

"वहिनी, कापड चुकलं की तुमचे डोळे गेले?"

"डोळे शाबूत आहेत, वन्सं. बसा. तुमचीच चाललीय."

"माझी? राखाडी? मी काय केलंय?"

"काहीच नाही केलं कधी?"

नणंद खुर्चीवर बसायला गेली, तर तिला बैठक नव्हती. पुन्हा उभी राहिली. एका गादीचा कोपरा चाचपला.

"केलंय की," हळूच म्हणाली. "फक्त कुणाला कळलं नाही."

"मग शिवू ना?"

"शिवा." आणि जाताना पर्स उघडून तिने किल्ली शिलाई मशीनवर ठेवली. "मी बाई विसरभोळी. दारालाच राहिली होती म्हणून सांगेन."

आदल्या रात्री मायलेकींनी बाजूच्या दाराने गाद्या आत नेऊन लावल्या. उद्घाटनाच्या सकाळी लोक नव्या रंगाचा वास घेत आत आले आणि बाकांपाशी अडकले. पहिली रांग राखाडी, दुसरी राखाडी, शेवटची राखाडी. कारभाऱ्यांची जागा राखाडी. गुरुजींच्या खुर्चीवरची गादी राखाडी, आणि तिचे कोपरे सगळ्यांत नेटके. कुणी बसेना. लहान पोरांना कसलं सोयरसुतक, ती बसून उड्या मारायला लागली.

"ताई, हे काय?" कारभारी घामाघूम.

"गाद्या."

"अहो, निळ्या सांगितल्या होत्या!"

"सांगितल्या होत्या."

गुरुजी पुढे आले. आवाज मऊ. "ताई, तुमच्या मनात दुःख आहे, मी समजू शकतो. पण ही देवाची जागा आहे. इथे असा तमाशा..."

"गुरुजी, मी लोकांच्या बसण्याचं काम करते. उभं राहून बोलायची मला सवय नाही, म्हणून एकदाच बोलते." तिने पिशवीतून दाभण काढलं. "ज्याचं आयुष्यात कधी काही चुकलं नाही, त्याने पुढे यावं. त्याची गादी निळी करून देते. आत्ता, इथेच बसून."

चौथऱ्यावरून जावयाचा आवाज आला, मधात घोळलेला. "आई, शांत व्हा. आपण नंतर निवांत बोलू."

"ये की तूच पहिला," दाभणबाई म्हणाली. "फक्त एवढं म्हण, माझं नाही चुकलं. तुझा तर आवाजही चांगला आहे. सगळ्यांना ऐकू जाईल."

तो ग्रंथाची पानं उलटायला लागला. पुढे, मागे, पुन्हा पुढे. अख्खी सभा त्याच्याकडे बघत होती, आणि त्या घटकेला त्या बाकांपाशी असं कुणी नव्हतं ज्याला प्लास्टर आठवलं नाही. तरी बोललं कुणी? छे!

शेवटच्या बाकाशी लेक उभी होती. ती एक पाऊल पुढे आली. कारभाऱ्यांच्या चेहऱ्यावर हायसं दिसलं. आता ही दोन शब्द बोलेल आणि सगळं मार्गी लागेल.

"माझं चुकलं नाही," लेक म्हणाली.

आणि ती आईची पिशवी उचलून दाराकडे निघाली. आई तिच्या मागोमाग. प्रसंग झाकायला गुरुजींनी घाईघाईने गाणं सुरू करायची खूण केली. दाभणबाई दारात पोचली होती तेव्हा मागे सगळ्यांनी एकदम श्वास घेतला. तिचे पाय उंबऱ्याशी थबकले. सवयीने तिनेही श्वास घेतला होता. तो तिने गाण्यात सोडला नाही. रस्त्यावर येऊन सोडला.

विद्यापीठातल्या पोरीला इथपर्यंतचं आवडलं असतं. पुढचं आवडणार नाही, कारण पुढचं काही एका साच्यातलं नाही.

लोक दुकानात यायला लागले. एकेकटे, काखेत आपापली राखाडी गादी. बस चालवणारे एक काका आले. "माझ्या ड्रायव्हरच्या सीटवर बसेल अशी करून दे. पोरगा कुणाबरोबर राहतो ते तुला ठाऊक आहे. त्याच्या गादीचं बोलणं चाललंय असं कानावर आलं. म्हटलं, त्याला मागे बसवायच्या आत आपणच उठावं." एक नर्स आली. रात्रपाळी करून जायची बिचारी, प्रवचनात डोळा लागायचा, आणि गुरुजी नाव घेऊन उठवायचे. "आता घरी झोपते. तिथे कुणी नाव घेत नाही." एक जोडपं आलं, त्यांना कुत्र्यासाठी अंथरूण हवं होतं. काही दुखलंखुपलं का, विचारलं तर नवरा म्हणाला, "नाही हो, कंटाळा येतो खरं सांगायचं तर. पण उठून जायचं पहिल्यांदा कुणी, हा प्रश्न होता." घड्याळजींना कुणीतरी त्यांची जुनी गादी आणून दिली. ती त्यांनी दुकानातल्या स्टुलावर घातली आणि म्हणाले, आता नाही टोचत.

देव आहे की नाही, यावर त्या दुकानात कधी चर्चा झालेली मला आठवत नाही. नणंदेने तर देवही सोडला नाही आणि सभाही सोडली नाही. फुलं लावते, पण बसते शेवटच्या बाकावर, झाडूच्या कपाटाशेजारी. गुरुजींनी पुढे बोलावलं तर म्हणे, "इथून नीट दिसतं."

कारभारी निळा तागा मागायला आले. दाभणबाईने खिळे काढले.

"तुमचंच कापड आहे, मला नको. ज्या दिवशी जावई चौथऱ्यावरून खाली उतरेल, त्या दिवशी घरपोच करीन. वीतभर कमी भरणार नाही."

"आणि नाही उतरला तर?"

"तर राखाडीवर बसा. मऊ आहे. माझ्या हातची आहे."

झाली गोष्ट. आता पुन्हा तू.

लेकीला दुसरीकडे नोकरी लागली, तू दुकान आवरलंस, आणि टेम्पो दारात उभा असताना तागा खांद्यावर टाकून माझे जिने चढून आलीस. "प्रोफेसरबाई, तो उतरला की लगेच देऊन या. कुणाचं ठेवून घ्यायची मला सवय नाही." मी हो म्हटलं. सोपं काम वाटलं होतं.

तुझी नणंद भाजीच्या दुकानात भेटते. मी दर वेळी विचारते, "ग्रंथ कोण वाचतं?" ती पिशवीत मिरच्या निवडत म्हणते, "तोच. आवाज जरा बसलाय हल्ली." आवाज बसून काय करायचंय, माणूस उतरायला हवा. बाक निम्मे रिकामे झाले तरी तो वाचतोय. कारभारीही माझ्याकडे येऊन गेले, धापा टाकत. पाणी दिलं. तागा दिला नाही. लोक का गेले हे त्यांना अजून कळत नाही म्हणाले. मी म्हटलं, कळतंय तुम्हाला, जिना उतरताना आठवेल.

कसर लागू नये म्हणून मी तागा मधूनमधून उन्हात घालते आणि घडी बदलून पुन्हा कपाटावर ठेवते. तेवढं एक काम तुझं राहिलंय. तो उतरेल त्या दिवसासाठी एक पिशवी मात्र दारामागच्या खुंटीला लावलेली आहे. तागा मावतो तिच्यात. घालून पाहिलाय.